केसाएवढी चीर

मित्रांनो, आगगाडीचं इंजिन तुम्ही बाहेरून पुष्कळदा पाहिलं असेल. आत चालकाच्या समोर, उजव्या हाताशी, एक राखाडी रंगाची पेटी बसवलेली असायची. पुढे जाळी, दोन गोल बटणं, एक हिरवा दिवा आणि वेटोळ्या वायरला लटकणारा काळा माईक. ती पेटी म्हणजे मी. इंजिनातला चालक आणि गाडीच्या शेवटच्या डब्यातला गार्ड माझ्यातून एकमेकांशी बोलत. स्टेशनमास्तर दोघांशी बोलत. मी रेडिओ खरा, पण गाण्यांचा नव्हे. मी आयुष्यात एकच गाणं ऐकवलं, तेही चुकून. माझा चालक गुणगुणत होता आणि माईकचं बटण त्याच्या मांडीखाली दाबलं गेलं होतं. मागून गार्ड म्हणाला, "भिवा, आवाज चांगलाय, पण पुढचा सिग्नल बघ."

माझ्या पाठीवर पितळेची एक पट्टी आहे. तिच्यावर आकडा कोरलेला आहे, ४१७. हेच माझं नाव.

चोवीस वर्षांपूर्वी बंगळूरच्या बाजूच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. हिरव्या पट्ट्यांवर बारीक बारीक भाग मांडायचे आणि एकेकाच्या पायाशी कथलाचा तापलेला थेंब सोडायचा, असं ते काम. ते करणाऱ्या बाईंचे हात फार सावकाश आणि नेमके चालायचे. थेंब गार होऊन चमकला की त्या फुंकर मारायच्या. असे काही शे थेंब माझ्या पोटात आहेत. सगळे त्यांच्या हातचे आहेत आणि सगळे चांगलेच दिले होते. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्याचा दोष त्यांच्याकडे जाऊ नये.

रत्नागिरीला आलो तेव्हा मला मालगाडीच्या डिझेल इंजिनात बसवलं. पहिल्याच दिवशी चालकानं खिशातून धुतलेलं फडकं काढून माझी जाळी पुसली. तो भिवा तांबे. देवरूखजवळच्या वाडीतला. या मार्गावर रूळ पडत होते तेव्हा तो खडी टाकायच्या कामावर होता. संध्याकाळी कंदिलाशी बसून पुस्तकं वाचायचा. आयटीआय केलं, परीक्षा दिल्या, सहायक झाला आणि मग चालक. डोंगर कापून केलेल्या ज्या कटिंगमधली दरड त्यानं पाटीनं उपसली होती, त्याच कटिंगमधून तो आता अडीच हजार टनांची गाडी न्यायचा. तिथून जाताना तो दर वेळी एक हात काचेला लावायचा. का, ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही.

गाडीच्या शेवटी असायचा हरिहर बर्वे. पावस गावाच्या बाजूचा, घरची आंब्याची कलमं असलेला. बोलघेवडा माणूस. इंजिन आणि त्याचा डबा यांत पाऊण किलोमीटरचं अंतर, पण माझ्यामुळं दोघं जवळ जवळ बसल्यासारखे असत.

"भिवा, मागं सगळं ठीक."

"ठीक, हरिहर. भूक लागली काय?"

"मेल्या, डबा तुझ्याकडं राहिला ना माझा!"

अशी त्यांची बोलणी. सुट्टीच्या दिवशी एकमेकांच्या घरी जेवायला जायचे, ते मला सोमवारी कळायचं. हरिहरच्या घरून आंब्याची पेटी यायची. भिवाची बायको सीता तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बांगड्याची चटणी द्यायची. हरिहर ती डब्यात बसून चोरून खायचा. "घरी सांगू नको रे," असं माझ्यातूनच बजावायचा. ते वाटेतले स्टेशनमास्तरही ऐकायचे आणि मग सगळ्या मार्गावर हसू पिकायचं.

मला कौतुकही मिळालं, मित्रांनो. एका आषाढात पहाऱ्यावरच्या गँगमननं रुळावर आलेला धोंडा पाहिला आणि हातातल्या वॉकीटॉकीवर ओरडला. तो आवाज फाटका होता, पावसात भिजलेला होता, पण मी तो पकडला. भिवानं ब्रेक लावला. धोंडा आणि आम्ही, मध्ये फक्त चार खांबांचं अंतर उरलं. त्या वर्षी दसऱ्याला शेडमधल्या लोकांनी इंजिनाबरोबर मलाही झेंडूची माळ घातली. भिवा पूजेत कधी नसायचा, तो एका बाजूला उभा राहायचा. पण सगळे पांगल्यावर त्यानं माझी जाळी पुसली आणि म्हणाला, "तुझे कान चांगले आहेत हां."

पंधरा वर्षं मी त्या इंजिनात होतो. पंधरा वर्षं माझ्याखालची फळी थरथरत होती. उन्हाळ्यात माझी पाठ तव्यासारखी तापायची आणि बोगद्यात शिरलो की एकदम गार व्हायची. माझ्या आत काहीतरी थकत चाललं होतं. मला ते कळलं नाही. दात दुखला की तुम्हाला कळतं, तसं आम्हाला नसतं.

नऊ वर्षांपूर्वीची वैशाखातली ती दुपार. अडीच वाजले होते. भिवाशेजारी राकेश नावाचा नवा सहायक होता. मागच्या स्टेशनच्या मास्तरांशी भिवा माझ्यातून दोन वाक्यं बोलला, त्यांनी उत्तर दिलं, आणि आम्ही लांब चढ चढू लागलो. इंजिन पूर्ण जोर लावून धडधडत होतं. केबिनमध्ये उकडून निघत होतं. माझा हिरवा दिवा लागलेला होता. मी ऐकत होतो, म्हणजे मला तसं वाटत होतं.

अचानक ब्रेकच्या नळीतला दाब उतरला. गाडी हिसके देत थांबली. भिवा दचकून उभा राहिला. इंजिनाचा जोर कमी झाला, थरथर थांबली आणि त्याच क्षणी माझ्यातून हरिहरचा आवाज फुटला. इतका रागावलेला आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

"भिवा! झोपलास काय रे? तीनदा हाक मारली! मधल्या वाघिणीच्या चाकातून धूर येतोय. मी मागून ब्रेक मारला म्हणून वाचलो!"

"कधी मारलीस हाक? मला काही आलं नाय!"

"आता बरं ऐकू येतंय?"

भिवानं माझ्या हिरव्या दिव्याकडं पाहिलं. तो लागलेलाच होता.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या वाघिणीच्या, म्हणजे मालडब्याच्या, चाकाचं बेअरिंग जळून गेलं होतं. एकेरी मार्ग चार तास अडला, मागे गाड्यांची रांग लागली. मग चौकशी झाली. मला काढून टेबलावर ठेवलं, वीज दिली, तपासलं. मी स्वच्छ बोललो आणि स्वच्छ ऐकलं. तपासणाऱ्यानं लिहिलं, 'संच क्रमांक ४१७ व्यवस्थित चालू'. त्यानं खोटं लिहिलं नव्हतं. जे दिसलं तेच लिहिलं. घटनेच्या आधी मी चालू होतो, नंतर चालू होतो, टेबलावर चालू होतो. मग मधली दहा मिनिटंच कसा बंद पडेन? राकेश म्हणाला, मलाही ऐकू आलं नाही. तर दोघंही डुलकी घेत होते असं ठरलं.

भिवाच्या नावापुढं शेरा लागला, 'सतर्कतेत कसूर'. त्याला मार्गावरून काढून यार्डात डबे जोडायच्या कामावर दिलं. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. ती त्यानं दोनशे मीटर पुढं आणि दोनशे मीटर मागं अशी काढली.

मला परत त्याच इंजिनात बसवलं होतं, पण ते आता लांबच्या चढावर जात नसे, बहुतेक शेडमध्येच उभं असे, त्यामुळं नंतरची कुजबुज मी ऐकली. शेडमध्ये लोक केबिनच्या सावलीत चहा पीत बसायचे. एकानं भिवाची जात काढली. 'यांना वर चढवलं की असंच व्हायचं,' असं म्हणाला. हरिहर तिथंच होता. मी वाट पाहिली. हरिहर काही बोलला नाही. पेला खाली ठेवून निघून गेला.

ती गोष्ट भिवाच्या कानावर गेली. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. भिवाला वाटे, हरिहरनं हाक मारलीच नाही, धूर उशिरा पाहिला आणि स्वतःला वाचवलं. हरिहरला वाटे, भिवा झोपला होता आणि मित्राशीसुद्धा खोटं बोलला. आणि मला काय वाटे? मलाही ठाऊक नव्हतं. हाक आली होती की नव्हती? पेटीच्या आत बसून मी त्या दहा मिनिटांचा किती विचार केला असेल, सांगता येत नाही.

मग मार्गावर विजेच्या तारा आल्या. डिझेल इंजिनं बाजूला पडली. नवे संच आले, हलके, पडद्यावर आकडे दाखवणारे. आम्हा जुन्यांना काढून पोत्यात भरलं. पोतं लिलावात गेलं आणि मी मिरजोळ्याच्या एका भंगाराच्या वखारीत येऊन पडलो. वर पत्रा, खाली जांभ्याची लाल माती. पाली माझ्या पाठीच्या खाचांत अंडी घालत. माझा माईक कुणीतरी कापून नेला होता. दोन वर्षं माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. रात्री लांबून गाडीची शिट्टी ऐकू यायची, तेवढाच काय तो सोबतीचा आवाज.

या वर्षी जानेवारीत एक मुलगी वखारीत आली. मुलगी म्हणजे तिशीची बाई. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी. विद्यार्थ्यांना उघडून पाहायला जुनी यंत्रं हवी होती तिला. तिनं मला उचललं, पाठीवरची माती अंगठ्यानं पुसली आणि आकडा वाचून तिथंच थांबली. मला वाटलं, जड झालो असेन.

ती श्रुती. भिवाची लेक.

तिनं मला आयटीआयला न नेता कुवारबावच्या घरी नेलं. भिवा पुढच्या पडवीत बसून पेपर वाचत होता. केस पांढरे झाले होते. श्रुतीनं मला त्याच्यासमोर स्टुलावर ठेवलं.

"बाबा, ओळखलंत?"

त्यानं चष्मा वर केला. मला फिरवलं. पट्टी पाहिली.

"हा नंबर मी कसा विसरेन गो? तीन अर्जांत लिहिलाय." मग पेपर पुन्हा उघडला. "कशाला आणलंस हे घरात?"

"उघडून बघते."

"तेव्हा बघितलं की लोकांनी. व्यवस्थित चालू."

"मी नाही ना बघितलं."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. श्रुतीनं टेबलावर जुनी चादर पसरली आणि माझे आठ स्क्रू काढले. मित्रांनो, नऊ वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला. आधी निघाली धूळ, मग डिझेलची काजळी, मग एका झुरळाचं कवच. तिनं मऊ ब्रशनं सगळं झाडलं. कुठं काय आहे ते स्वतःशीच बोलत गेली, वर्गात शिकवल्यासारखं. हा माझा बोलायचा भाग, हा ऐकायचा. हा मोठा ट्रान्झिस्टर, पाठीच्या खाचांना टेकवलेला, म्हणजे उष्णता बाहेर जाईल. हा चांदीच्या डबीतला स्फटिक, मी कुठल्या लहरीवर बोलायचं ते ठरवणारा. दोन कपॅसिटर फुगले होते, ते तिनं बदलले नाहीत, फक्त वहीत लिहून ठेवले. "जसं आहे तसंच आधी तपासायचं," म्हणाली.

आणि मधोमध एक काळी चौकोनी डबी, काडेपेटीच्या निम्मी. ती रिले. माईकचं बटण दाबलं की ती 'टिक' करते आणि एरियल बोलायच्या भागाला जोडते. बटण सोडलं की पुन्हा 'टिक', आणि एरियल ऐकायच्या भागाला. इतकंच तिचं काम. पण दिवसातून हजारदा.

श्रुतीनं आयटीआयतून एक छोटं यंत्र आणलं होतं. ते तारेतून फक्त माझ्यापुरता बारीक सिग्नल देतं, खोलीबाहेर काही जात नाही. तिनं वीज जोडली. हिरवा दिवा लागला! यंत्र सुरू केलं आणि माझ्या जाळीतून 'टूंऽऽ' असा आवाज निघाला. स्पष्ट, न तुटता.

भिवा दारात येऊन उभा होता. दहा मिनिटं झाली. वीस झाली. टूंऽऽ चालूच होतं. श्रुतीनं बोट लावून पाहिलं, तारा हलवल्या. आवाज तसाच.

"चालतोय," भिवा म्हणाला.

श्रुतीनं आणखी एक तार हलवून पाहिली.

"म्हणजे साहेब बरोबरच होते." त्यानं चपला घातल्या. "कदाचित लागलाच असेल माझा डोळा. दुपार होती."

तो फाटकाबाहेर गेला. श्रुती माझ्यासमोर डोकं धरून बसली. मला वाटलं, मी या माणसाला दुसऱ्यांदा बुडवलं. पहिल्यांदा गप्प राहून आणि आता बोलून.

सीता आतून तांदूळ निवडत हे सगळं ऐकत होती. ती सूप घेऊनच बाहेर आली आणि माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली.

"श्रुती, हे गाडीत असंच गप्प बसून असायचं काय गो?"

"म्हणजे?"

"अगो, हे ड्युटीवरनं घरी यायचे तर तासभर यांचे हात थरथरत असायचे. चहाची बशी वाजायची. हाताचं असं, तर ह्याचं काय होत असेल? तू तर त्याला चादरीवर निजवलंयस."

श्रुतीनं वर पाहिलं. मग अशी झटकन उठली की स्टूल पडलं.

पुढचा अर्धा तास माझ्यावर जे बेतलं ते ऐकून तुम्ही हसाल. त्यांच्या न्हाणीघराबाहेर कपडे धुण्याचं जुनं मशीन होतं. एक पाय आखूड, पिळायला लावलं की सगळं अंगण दणाणायचं. श्रुतीनं मला गोधडीत गुंडाळलं, म्हणजे केबिनमध्ये तापायचो तसा तापेन. वीज जोडली, सिग्नल जोडला आणि मला त्या मशीनच्या झाकणावर दोरीनं बांधलं. सीतेनं आत आधीच दोन ओल्या चादरी टाकल्या होत्या, तिनं बटण फिरवलं.

टूंऽऽ. टूंऽऽ. मशीन धडधडू लागलं. माझी पाठ तापू लागली. ओळखीची थरथर माझ्या अंगात चढली. किती वर्षांनी! पाच मिनिटं झाली, सात झाली.

आणि आवाज गेला.

दिवा हिरवाच होता. सिग्नल चालू होता. मी जागा होतो, पण माझ्यापर्यंत काहीच येत नव्हतं. मला कळेना की मी बहिरा झालोय. बाहेर शांतता पसरली असंच वाटत होतं. तीच शांतता, मित्रांनो! त्या दुपारची! तेव्हाही मला असंच वाटलं होतं, की कुणी बोलतच नाहीये.

माईक नव्हता, म्हणून श्रुतीनं त्याच्या कापलेल्या वायरची टोकं जुळवून मला बोलायला लावलं. मी बोललो, नीट बोललो. टोकं सोडली, तर पुन्हा काही नाही. सीतेनं मशीन थांबवलं. थरथर उतरली आणि टूंऽऽ परत आलं.

"आई, परत लाव!"

चार वेळा लावलं. चारही वेळा तेच. चौथ्या वेळी भिवा फाटकातून आत येत होता. अंगणात मशीन दणदणतंय, त्यावर गोधडीतली पेटी, आणि माय-लेकी तिच्याकडं कान देऊन उभ्या. त्यानं हिरवा दिवा पाहिला. आवाज नव्हता. मशीन थांबलं, आवाज आला. त्याला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. तो तिथंच फाटकाच्या खांबाला टेकून खाली बसला.

"म्हणजे मी जागा होतो," तो म्हणाला. "गो सीते, मी जागा होतो."

तेव्हा मला कळलं की नऊ वर्षांत त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडून गेला होता.

श्रुतीनं मला पुन्हा उघडलं. या वेळी हिरवी पट्टी उलटी करून भिंग धरलं आणि एकेक थेंब पाहत गेली. रिलेला पाच पाय आहेत. चार पायांभोवतीचे थेंब गुळगुळीत. पाचव्याभोवती, म्हणजे ऐकायच्या बाजूच्या पायाभोवती, एक बारीक काळं वर्तुळ होतं. केसाएवढी चीर. गार असलो आणि स्थिर असलो की तिच्या कडा टेकलेल्या. तापलो आणि थरथरलो की सुटलेल्या. एवढीच. तिच्यापायी एका माणसाची गाडी गेली आणि दोघांची मैत्री गेली.

"बाबा, अर्ज करू. या वेळी पुरावा आहे."

भिवा बराच वेळ भिंगातून बघत होता. "अर्ज नंतर. आधी पावसला जायचं."

"बर्वे काकांकडं? तुम्ही?"

"त्यानं हाक मारली होती," भिवा म्हणाला. "मी नऊ वर्षं त्याला खोटा म्हणतोय."

पावसच्या एस.टी.त मी भिवाच्या मांडीवर कापडी पिशवीत होतो. श्रुती शेजारी होती. वासंतीकाकूंनी, हरिहरच्या बायकोनं, दार उघडलं आणि दोघांना पाहून त्यांचा हात कडीवरच राहिला. मग त्या आत वळून एवढंच म्हणाल्या, "अहो, भिवाभाऊ आलेत."

हरिहर काठी घेऊन बाहेर आला. खूप वाळला होता. तो बोलघेवडा माणूस, पण त्याला 'ये' म्हणायलाही जमेना. भिवानं मला पिशवीतून काढून ओटीवर ठेवलं आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

"हा पाचवा पाय बघ. सावकाश बघ."

श्रुतीनं समजावून सांगितलं. मशीन, गोधडी, सगळं. हरिहर भिंगावर ओणवा होऊन ऐकत होता. सांगून झालं तरी त्यानं मान वर केली नाही.

"तू तीनदा हाक मारलीस," भिवा म्हणाला.

"तीनदा. तिसऱ्यांदा तुझं नाव घेऊन."

"मला एकही आली नाय."

"कळलं." हरिहरनं भिंग खाली ठेवलं. "मी असा विचार केला की एवढ्या वर्षांचा मित्र तोंडावर खोटं बोलतोय. एकदा तुझ्या घरी येऊन विचारलं असतं, तर... मी आलो नाही."

"मी तरी कुठं आलो?"

वासंतीकाकूंनी पाणी आणलं. कुणी घेतलं नाही. मग हरिहर हळू म्हणाला, "शेडमधे तो माणूस तुझ्या जातीवरनं बोलला, तेव्हा मी तिथं होतो, भिवा."

"ठाऊक आहे मला."

"मी गप्प बसलो."

भिवानं माझ्यावर हात ठेवला. "ते ह्या डब्यात सापडायचं नाय, हरिहर."

"नाही सापडायचं. ते माझ्यातच होतं."

भिवा 'जाऊ दे' म्हणाला नाही. मला ते फार बरं वाटलं. काही गोष्टींना तो शब्द फार लवकर वापरला जातो. तो नुसता बसून राहिला, आणि निघूनही गेला नाही. थोड्या वेळानं हरिहर आत गेला. कागद आणि पेन घेऊन आला आणि ओटीवर मांडी घालून लिहू लागला. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. त्यानं तीन हाका मारल्याचं लिहिलं होतं, संचात दोष होता हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं लिहिलं होतं. आणि शेवटी एक ओळ होती. 'सहकाऱ्याचा त्याच्या जातीवरून अपमान होत असताना मी त्याच्या बाजूने बोलायला हवे होते. मी बोललो नाही, याची मला लाज वाटते.'

"ही ओळ कशाला?" भिवा म्हणाला. "ऑफिसला काय करायचीय?"

"ऑफिसला नको असेल. मला हवीय."

भिवानं कागद घेतला, स्वतः वाचला, नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला. मग पाण्याचा पेला उचलून प्याला आणि म्हणाला, "वासंतीवहिनी, आम्ही जेवूनच जाऊ."

अर्ज गेला. राकेशनंही आपला जबाब लिहून पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही. शेरा पुसला जाईल की नाही, मला सांगता येत नाही. भिवा मात्र आताशा कुणी विचारलं तर मान वर करून सांगतो, "मी जागा होतो." हरिहर महिन्यातून दोनदा कुवारबावला येतो. पहिल्यासारखी थट्टा अजून होत नाही. मधेच दोघं गप्प होतात. पण ते गप्प बसतात एकाच बाकावर.

आणि मी? मी आयटीआयच्या कार्यशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर आहे. झाकण उघडंच असतं. श्रुतीनं माझे फुगलेले कपॅसिटर बदलले, पण ती चीर सांधली नाही. कथलाच्या एका थेंबाचं काम आहे, तरी ती म्हणते, राहू दे. दर नव्या तुकडीच्या हातात ती भिंग देते आणि विचारते, "सांगा, हा संच व्यवस्थित आहे का?" बहुतेक जण आधी हो म्हणतात.

मित्रांनो, मी म्हातारा झालो. आता मला कुणा गाडीची वाट पाहायची नाही. तुमच्याकडं एकच मागणं आहे. जुनं यंत्र टाकून देण्याआधी एकदा उघडून पाहा. पुसा, भिंग लावा, आणि जिथं ते राबलं तिथली धडधड त्याला देऊन मग तपासा. आणि कधी तुम्ही कुणाला हाक मारलीत, एकदा, दोनदा, तीनदा, आणि उत्तर आलं नाही, तर तो झोपला असं ठरवू नका. उठा आणि त्याच्या दारापर्यंत चालत जा. नऊ वर्षं थांबू नका.